विज्ञान-तंत्रज्ञानावर वाद घालायचाय? आधी एकक विचारा

पुण्यात विज्ञानावर वाद घालायला प्रयोगशाळा लागत नाही, सोसायटीचं पार्किंग पुरतं. ईव्हीचा चार्जर कुठे लावायचा, गच्चीवर मोबाइलचा टॉवर येऊ द्यायचा का, सोलर बसवलं की बिल खरंच शून्य येतं का, हवामान खात्याचा अंदाज कधी खरा ठरलाय का. मतं सगळ्यांकडे असतात, आकडे फार थोड्यांकडे. हा लेख नवख्यांसाठी आहे. विषय बऱ्यापैकी कळतो, पण चौथ्या-पाचव्या उत्तरानंतर आपण मुळात काय म्हणत होतो तेच हरवतं, अशांसाठी. बोलून वाद घाला किंवा लिहून, रीत एकच. लिहून घातलेला त्यातल्या त्यात सोपा, कारण आधीचं वाक्य काढून दाखवता येतं.

पायरी १ : दावा एका वाक्यात मांडून घ्या

"टॉवरमुळे कॅन्सर होतो." या वाक्यावर तीन तास भांडता येतं, कारण त्यात तपासण्याजोगं काहीच नाही. उत्तर द्यायच्या आधी चार गोष्टी विचारून घ्या: किती, कशाच्या तुलनेत, किती काळात आणि कशानं मोजलं. सूर उलटतपासणीचा नको. "काका, तुमचा मुद्दा नीट समजून घेतो. टॉवरपासून किती अंतरावर, आणि किती वर्षं राहिल्यावर?" असं विचारलं की समोरचा एक तर दावा नेमका करतो, नाही तर त्याची खरी तक्रार बाहेर येते. पुष्कळदा ती "कमिटीनं आम्हाला न विचारता करार केला" एवढीच असते. तक्रार रास्त असेलही, पण तिचं उत्तर भौतिकशास्त्रात नाही, सर्वसाधारण सभेच्या इतिवृत्तात आहे.

म्हणून प्रश्न सुरुवातीलाच वेगळे काढा. किरणोत्सर्ग मर्यादेत आहे का, हा मोजमापाचा प्रश्न. टॉवरच्या भाड्याचे पैसे घ्यावेत का, हा पसंतीचा. पहिल्यावर पुरावा चालतो, दुसऱ्यावर मतदान. नवखा माणूस हमखास दुसऱ्या प्रश्नावर पहिल्याचे आकडे फेकतो, आणि मग कुणी ऐकत नाही म्हणून चिडतो.

पायरी २ : एकक विचारा

तंत्रज्ञानावरच्या निम्म्या वादांचं मूळ एककात सापडतं. सर्वांत जुना घोळ किलोवॅट आणि युनिटचा. किलोवॅट म्हणजे त्या क्षणाची क्षमता. युनिट म्हणजे किलोवॅट-तास, म्हणजे एक किलोवॅटच्या दरानं तासाभरात वापरलेली किंवा बनलेली वीज. पुण्यात छतावरच्या एक किलोवॅट सोलरमागे वर्षाच्या सरासरीनं दिवसाला साधारण ४ युनिट धरतात आणि त्याला सुमारे १०० चौरस फूट मोकळी, सावली न पडणारी जागा लागते. म्हणजे ३ किलोवॅटला दिवसाला १२, महिन्याला ३६० युनिट. एप्रिलमध्ये जास्त, जुलै-ऑगस्टच्या ढगांत बरेच कमी. ज्यानं मे महिन्यातला आकडा सांगितला आणि ज्यानं ऑगस्टमधला सांगितला, ते दोघेही खरं बोलत असतात आणि एकमेकांना खोटं ठरवत असतात. आणि बिल शून्य? नेट मीटरिंगमध्ये तुम्ही ग्रिडला दिलेल्या युनिटांची घेतलेल्या युनिटांतून वजावट होते, स्थिर आकार राहतोच.

टॉवरच्या वादात एककाची गंमत आणखी वाढते. कुणीतरी फोनवर अ‍ॅप टाकून सिग्नलचा आकडा दाखवतो: उणे ७० डीबीएम. दुसऱ्याच्या घरी उणे १००. पाहणाऱ्याला १०० मोठा वाटतो. प्रत्यक्षात उणे ७० हा सिग्नल जास्त ताकदीचा, तोही हजार पटींनी, कारण या मोजपट्टीवर दर १० अंकांना दहापट फरक पडतो. शिवाय हा आकडा नेटवर्क किती पकडतंय ते सांगतो, सुरक्षिततेच्या मर्यादेशी तो थेट ताडून पाहता येत नाही. मर्यादा वॅट प्रति चौरस मीटरमध्ये असते आणि ती मोजायला वेगळं यंत्र लागतं. १ सप्टेंबर २०१२ पासून भारतानं ही मर्यादा तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या एक दशांशावर आणली: १८०० मेगाहर्ट्झ वारंवारतेला ९ च्या जागी ०.९ वॅट प्रति चौरस मीटर. दूरसंचार विभागाचं 'तरंग संचार' हे पोर्टल टॉवरांची माहिती देण्यासाठीच आहे. भांडण्याआधी तिथे आपल्या भागातला टॉवर शोधावा.

एक मुद्दा बहुतेकांना ठाऊक नसतो, आणि तो मांडला की वादाची दिशाच बदलते. सिग्नल कमजोर असला की तुमचा फोन टॉवरपर्यंत पोचण्यासाठी स्वतःची ताकद वाढवतो, आणि फोन कानाला चिकटलेला असतो. टॉवर हटवला तर कानापाशी पडणारी मात्रा वाढूही शकते. हे सांगताना "म्हणून टॉवर हवाच" असं पुढे जोडू नका. तेवढं त्यातून निघत नाही.

पायरी ३ : ढोबळ हिशेब स्वतः करा

दुवे चिकटवण्यापेक्षा पाच ओळींचा हिशेब जास्त काम करतो, कारण समोरच्याला त्यातल्या नेमक्या ओळीवर बोट ठेवता येतं. पुण्यातला नेहमीचा दावा घेऊ: "इलेक्ट्रिक स्कूटर पर्यावरणाला पेट्रोलपेक्षा वाईट. वीज कोळशाचीच, आणि बॅटरी बनवतानाच सगळं प्रदूषण होऊन जातं."

आधी 'प्रदूषण' म्हणजे काय ते ठरवा. सिग्नलला नाकात जाणारा धूर आणि कार्बन डायऑक्साइड हे वेगळे प्रश्न आहेत. पहिल्यात ईव्ही सरळ जिंकते, तिला सायलेन्सरच नाही. खरा वाद दुसऱ्यात आहे, तेव्हा कार्बन डायऑक्साइडचा हिशेब:

पेट्रोल स्कूटर: एक लिटर पेट्रोल जळून सुमारे २.३ किलो. लिटरला ४५ किलोमीटर धरले तर किलोमीटरमागे ५१ ग्रॅम.

इलेक्ट्रिक: प्लगपाशी मोजलेली वीज, चार्जरमधली गळती धरून, किलोमीटरला ०.०३५ युनिट. देशाच्या ग्रिडवर एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो. म्हणजे किलोमीटरमागे साधारण २४.५ ग्रॅम.

फरक किलोमीटरला २६.५ ग्रॅम.

बॅटरी: ३ किलोवॅट-तासांची, बनवताना दर किलोवॅट-तासामागे ८० किलो धरा. एकूण २४० किलो.

२४० किलो भागिले २६.५ ग्रॅम, म्हणजे सुमारे ९,००० किलोमीटर. रोज २५ किलोमीटर चालवलं तर वर्षभरात बॅटरीची उधारी फिटते.

आता हिशेबावरचे हल्ले आधीच करून बघा, कारण कुणीतरी करणारच. "बॅटरीचा आकडा कमी धरलात." बरं, १२० किलो धरा: १३,५०० किलोमीटर. "वीज तारांतून येताना वाया जाते ते?" मुद्दा चांगला आहे. १५ टक्के वाया जाते असं धरलं तर ईव्हीचे २४.५ चे जवळपास २९ ग्रॅम होतात आणि उधारी ११,००० च्या आसपास फिटते. पण मग पेट्रोल शुद्ध करून पंपापर्यंत आणण्याचा खर्चही दुसऱ्या बाजूला टाकावा लागेल, जो आपण शून्य धरला होता. आकडे वरखाली केले तरी उत्तर हजारो किलोमीटरांतच राहतं, लाखांत जात नाही. असा हिशेब मांडला की "कोळशाचीच वीज" हे वाक्य परत येत नाही. आलं तर निदान आकडा घेऊन येतं.

आणि हिशेब तुमच्या विरुद्ध गेला, तर तोही मांडा. वर्षाला हजार किलोमीटरसुद्धा न चालणाऱ्या स्कूटरसाठी हाच हिशेब ईव्हीच्या बाजूनं फारसं काही बोलत नाही.

रेंजबद्दल एक सूचना. कंपनीनं दिलेली प्रमाणित रेंज ठरवून दिलेल्या चाचणीतली असते. वेग, थांबे, भार सगळं बांधलेलं. आपल्याकडे अशा चाचण्या करणारी प्रमुख संस्था एआरएआय पुण्यातच, वेताळ टेकडीवर आहे. दोघं बसून कात्रजचा घाट चढलात आणि रेंज कमी मिळाली, तर चाचणी खोटी ठरत नाही. तुमचा प्रवास चाचणीसारखा नव्हता, इतकंच. "कंपनी फसवते" म्हणायचं असेल तर त्याच चाचणीच्या अटींवर आकडा चुकलाय असं दाखवावं लागेल.

पायरी ४ : आधार किती पक्का ते बघा

बातमी दिली की संशोधन दिलं असं समजू नका. बातमी बहुधा संस्थेच्या प्रसिद्धिपत्रकावरून येते, पत्रक शोधनिबंधावरून, आणि प्रत्येक टप्प्यावर 'कदाचित' गळत जातं. मूळ निबंध उघडा. सगळा कळलाच पाहिजे असं नाही. प्रयोग माणसांवर, उंदरांवर की काचेच्या बशीतल्या पेशींवर, किती जणांवर, तुलनेसाठी दुसरा गट होता का, पैसा कुणाचा, तज्ज्ञांनी तपासून छापलेला आहे की अजून कच्चा मसुदा, एवढं पाहिलं तरी समोरच्यापेक्षा तुम्ही चार पावलं पुढे असता. निबंध पुढे मागे घेतला गेला का, तेही त्याच पानावर वर लिहिलेलं असतं. लोक खाली वाचतात आणि वरचं सोडतात.

टक्केवारीपासून सावध राहा. "धोका दुप्पट झाला" हे वाक्य लाखात एकाचे दोन झाले तरी खरं आणि शंभरात दहाचे वीस झाले तरी खरं. 'दुप्पट' ऐकलं की लगेच विचारा, किती होता आणि किती झाला.

टॉवरच्या वादात एक कागद हमखास येतो: जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०११ मध्ये रेडिओ लहरींना '२ ब' गटात टाकलं. हे खरं आहे, नाकारू नका. मात्र हा गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते नाही. '२ ब' म्हणजे 'शक्यता आहे, पण पुरावा मर्यादित'. कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्क याच गटात बसतो. उलट प्रक्रिया केलेलं मांस गट १ मध्ये, तंबाखूच्या शेजारी आहे, म्हणून सॉसेज आणि सिगारेट सारखीच घातक ठरत नाहीत. कोरफडीचं उदाहरण एकदाच द्या. पुन्हा पुन्हा दिलं की खिल्ली वाटते.

चॅटबॉटनं दिलेले संदर्भ जसेच्या तसे टाकू नका. निबंधाचं नाव, नियतकालिक, वर्ष सगळं खरं वाटेल असं असतं आणि तो निबंध अस्तित्वातच नसतो. शीर्षक शोधून पान उघडलं, तरच वापरा. एका बनावट संदर्भानं तुमचे बाकीचे खरे मुद्देही वाया जातात.

मराठी मंडळींत आणखी एक वाद सदाबहार आहे: १८९५ मध्ये शिवकर बापूजी तळपदे यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं का. इथे थट्टा केली तर वाद हरलात म्हणून समजा, कारण समोरच्याच्या दृष्टीनं तो अभिमानाचा विषय आहे. दोनच गोष्टी करा. "तेव्हा केसरीत छापून आलं होतं" असं कुणी म्हणालं तर अंकाची तारीख आणि पानाचा फोटो मागा. केसरीवाडा नारायण पेठेतच आहे, जुने अंक ही काही परग्रहावरची वस्तू नव्हे. आणि प्राचीन विमानविद्येचा म्हणून सांगितल्या जाणाऱ्या 'वैमानिक शास्त्र' या ग्रंथातल्या आकृत्यांचा विषय निघाला तर १९७४ मध्ये बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभियंत्यांनी त्या आकृत्या तपासल्या होत्या आणि ती यानं उडू शकणार नाहीत असा निष्कर्ष काढला होता, एवढं सांगा. तळपद्यांनी प्रयोग केलेच नाहीत असं त्यातून सिद्ध होत नाही, तेव्हा तसं म्हणूही नका.

पायरी ५ : निकालाआधी अटी ठरवा

आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाची आणि सगळ्यांत कमी पाळली जाणारी पायरी हीच. काय दिसलं तर तुम्ही मत बदलाल आणि काय दिसलं तर मी, हे आधी ठरलं नाही तर नंतर प्रत्येक आकड्याला पळवाट सापडते.

याचा उत्तम नमुना पुण्यातलाच आहे. २००८ मध्ये डॉ. जयंत नारळीकर यांनी संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह फलज्योतिषाची चाचणी घेतली. १०० हुशार आणि १०० मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या, सरमिसळ केल्या, आणि ज्योतिषांना प्रत्येकी ४० पत्रिका देऊन कोणती कुठल्या गटातली ते सांगायला लावलं. २७ जणांची उत्तरं आली. सर्वांत चांगली कामगिरी ४० पैकी २४. सगळ्यांची सरासरी निम्म्याहून कमी. निकाल २००९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये छापून आला.

"२४ बरोबर आले, म्हणजे त्या एकाला येत होतं!" असा आक्षेप निघतो. त्याचं उत्तर पाठ करून ठेवण्याजोगं आहे. नुसतं नाणं उडवलं तरी ४० पैकी २४ किंवा अधिक बरोबर येण्याची शक्यता साधारण १३ टक्के असते. २७ जणांनी नाणं उडवलं तर तिघा-चौघांना तेवढे गुण सहज मिळायला हवेत. पुष्कळ जणांतून पहिला आलेला निवडायचा आणि त्याचा पराक्रम सांगायचा, ही चूक शेअर बाजारापासून घरगुती औषधांपर्यंत सगळीकडे भेटते.

हीच रीत हवामानाच्या वादाला लावा. "हवामान खातं पाऊस म्हणालं की छत्री घरी ठेवायची" हा पुणेरी विनोद जुना आहे, हवामान खात्याच्या इथल्या शिमला ऑफिसइतका नसला तरी. पैज लावायची असेल तर पुढच्या महिन्याच्या सुरुवातीलाच हे कागदावर आणा:

अंदाज कुठला आणि किती वाजताचा धरायचा. पाऊस कुठे मोजायचा: शिवाजीनगर, पाषाण आणि लोहगाव यांचे आकडे वेगवेगळे असतात, त्यातलं एक ठरवा, तुमची बाल्कनी चालणार नाही. 'पाऊस पडला' म्हणजे किती: खात्याच्या व्याख्येत पावसाचा दिवस म्हणजे किमान २.५ मिलिमीटर. आणि दिवस कुठला: नोंद सकाळी साडेआठ ते दुसऱ्या सकाळी साडेआठ अशी असते, त्यामुळे पहाटे चारला कोसळलेला पाऊस आदल्या सकाळी सुरू झालेल्या चोवीस तासांत मोजला जातो. याच एका तपशिलावर पुष्कळ पैजा चुकीच्या निकाली निघतात.

मग रोज चारपैकी एका रकान्यात खूण करा: पाऊस म्हणाले नि पडला, म्हणाले नि नाही, नाही म्हणाले नि पडला, नाही म्हणाले नि नाही. महिन्याअखेर बेरीज. पण एवढ्यावर टाळी घेऊ नका. जुलैत ३१ पैकी २५ दिवस पाऊस झाला असं समजा. रोज डोळे मिटून 'पाऊस' म्हणणाऱ्यालाही ८१ टक्के गुण मिळतील. खात्याची तुलना त्या आळशी माणसाशी करायची, शून्याशी नव्हे. म्हणूनच ही चाचणी जुलैत घेण्यात अर्थ नाही. जूनचा पहिला पंधरवडा किंवा ऑक्टोबर घ्या, जेव्हा पडेल की नाही हे खरंच सांगता येत नसतं.

शब्दही तपासा. अंदाजात 'तुरळक ठिकाणी' म्हटलं असेल तर त्याचा अर्थ त्या विभागातल्या फार तर पाव केंद्रांवर पाऊस. कोथरूडला थेंब पडला नाही म्हणून तो अंदाज चुकला असं होत नाही.

पायरी ६ : उत्तर लिहिताना

समोरच्याचं वाक्य आधी जसंच्या तसं लिहा, मग उत्तर. एका उत्तरात एकच मुद्दा. कुणी एका दमात दहा प्रश्न टाकले तर दहांना भिडू नका, "यातला सर्वांत वजनदार तुम्हाला कुठला वाटतो? त्यावर आधी बोलू" असं विचारा. टोमणा मारायचा मोह होईल, पुणेकर असाल तर जास्तच. टोमण्याला टोमणा येतो आणि हिशेब मागे पडतो. ज्यांना पटवायचं ते बहुधा गप्प बसून वाचणारे असतात, भांडणारे नव्हेत.

"मी वीस वर्षं इंजिनिअर आहे" या वाक्याला उत्तर देऊ नका. "मग हा आकडा कसा काढायचा ते तुम्हीच सांगा" म्हणा. खरा जाणकार सांगतो आणि तुमचा फायदा होतो. "शास्त्रज्ञ पूर्वीही चुकले होते" याला होकार द्या आणि या विषयात कोणतं मोजमाप चुकलं ते विचारा. "संशोधनाला कंपनीचा पैसा होता" हा मुद्दा संशय घ्यायला पुरेसा आहे, निकाल फेटाळायला नाही. त्याच विषयावर दुसऱ्या पैशातून झालेलं काम शोधा. समोरच्याचा मुद्दा बरोबर निघाला तर "हा मान्य" एवढे दोन शब्द लिहा आणि उरलेल्यावर पुढे चला.

अडलात तर

काही गोष्टी सरळ विचारून येण्यासारख्या आहेत. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, पुणे विद्यापीठाच्या आवारातली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आणि नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण सामान्य लोकांसाठी कार्यक्रम ठेवतात. जीएमआरटीत ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या आहेत. त्या फक्त रेडिओ लहरी पकडतात, सोडत नाहीत. 'तिथून किरण निघतात' म्हणणाऱ्याला घेऊनच जा. जाताना प्रश्न लिहून न्या, एकक घालून. "मोबाइलचे किरण घातक आहेत का" याला सभ्य पण गुळमुळीत उत्तर मिळेल. "१८०० मेगाहर्ट्झला ०.९ वॅट प्रति चौरस मीटर ही मर्यादा कशाच्या आधारावर ठरली" याला नेमकं उत्तर मिळेल.

आणि थांबायचं कधी? तोच मुद्दा नवा आकडा न घेता तिसऱ्यांदा आला की. शेवटचा हिशेब, त्यातली गृहीतकं आणि कुठल्या ओळीवर एकमत झालं नाही ते लिहून ठेवा. सहा महिन्यांनी पुढच्या सभेत चार्जरचा विषय निघणारच आहे, तेव्हा तिथूनच सुरू करता येईल.